चार बोटं बर्फ

"अगो वयनी, आज खंयची एकादस? आजची स्मार्तांची. आपली भागवत, ती फाल्यां!" जानकी हे इतक्या सहज म्हणाली की ते माझ्याबद्दल आहे हेच मला आधी उमगलं नाही. जानकी माझी धाकटी नणंद. दर रविवारी कारापूरहून साखळीच्या बाजाराला येते आणि पिशव्या टेकवायला माझ्या दुसऱ्या मजल्यावर चढते. मी ओठांवर बोट ठेवून तिला आज मौन असल्याचं खुणावलं होतं, आणि तिच्यासाठी मेजावर पाण्याचा तांब्या ठेवत होते. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. मी चष्मा लावून जवळ गेले. रविवारच्या चौकोनात एकादशी होती खरी, पण तिच्या आधी मुंगीएवढ्या अक्षरांत स्मार्त असं छापलं होतं. भागवत सोमवारच्या चौकोनात. म्हणजे उद्या. माहेरी, हळर्णला, स्मार्त धरत. लग्न होऊन कारापूरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, इथल्या विठ्ठलाच्या देवळात जी धरतात ती आपली. चौतीस वर्षं मी तीच धरली. एकादशीला उपास, आणि हे गेल्यापासून सकाळच्या पूजेपासून सांजवातीपर्यंत मौनही; बोलायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. दोन एकादश्या लागोपाठ आलेलं मी कितीदा पाहिलं असेल, कधी चुकले नाही. आणि आज पहाटे उजेड नीट नव्हता की मन नीट नव्हतं कोण जाणे, 'एकादशी' एवढाच शब्द वाचून मी हात जोडले, पळीभर पाणी सोडून संकल्प केला आणि सासरची सून असून माहेरच्या एकादशीला बसले.

एरवी मी हसले असते. जानकी हसलीच. पण मी घड्याळाकडे पाहिलं, कारण साडेदहाला फोन वाजला होता आणि मी तो उचलला नव्हता. फोन फ्रिजवर होता. वाजता वाजता थरथरत होता आणि थरथरताना कडेकडे सरकत होता. मी पाटावर बसल्या जागेवरून बघत होते. पडद्यावर सगुणचा फोटो, केसाळ टोपी घातलेला, भुवयांवर पांढरं धुकं साचलेला. फोन वाजून वाजून गप्प झाला. कडेपासून चार बोटं अलीकडे थांबला. मी जपाची माळ पुढे ओढली. मनात म्हटलं, संध्याकाळी करीन. त्या वेळी मला अगदी बरंसुद्धा वाटलं होतं, पोटच्या पोराचा फोन आला तरी नेम ढळला नाही म्हणून. आता जानकीच्या त्या वाक्यानंतर ते बरं वाटणं खोटं ठरलं. जो दिवस देवाचा नव्हताच त्या दिवसासाठी मी फोन वाजू दिला होता.

सगुण माझा एकुलता मुलगा. स्वीडन नावाच्या देशाच्या अगदी वरच्या टोकाला, लोखंडाच्या खाणीत, मोठाल्या गाड्यांची दुरुस्ती करतो. आपल्याकडच्या खाणी बंद झाल्या तेव्हा दोन वर्षं घरी बसला, मग आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर तिथला पासपोर्ट काढून गेला. तिथे हिवाळ्यात दिवस म्हणजे आपल्या दुपारच्या झोपेएवढा, आणि तळी गोठून दगड होतात. लोक त्या दगडावर चालत जातात, हातातल्या गिरमिटाने भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि खुर्ची टाकून बसतात. हे त्याने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. त्याने फोन त्या भोकावर धरला होता. काळं पाणी, आणि त्याच्या काठावर पापडासारखं पातळ काहीतरी सारखं धरत होतं, ते तो झाऱ्याने काढून टाकत होता. "आई, वर उणे वीस, पण खाली पाणी गरम असतं हां," तो म्हणाला. "गरम म्हणजे चार अंश. मासे तळाला जाऊन बसतात. हलत नाहीत. तोंडासमोर नेऊन धरावं लागतं." मी विचारलं, बर्फ किती जाड? तो म्हणाला, माणसाला चार इंच पुरे. चार इंच म्हणजे किती, मी विचारलं. तो म्हणाला, तुझी चार बोटं आणि वर थोडं. फोन ठेवल्यावर मी मेजाच्या कडेला चार बोटं आडवी लावून पाहिली. एवढंच. एवढ्यावर माझा सहा फूट पोर, त्याची खुर्ची, त्याचा थर्मास, आणि खाली काळं पाणी. तेव्हापासून मला सवयच लागली. दाराची चौकट, उंबरा, देवाची चौकी, जे दिसेल त्याला चार बोटं लावून बघायची.

मग मी त्याच्याकडून एक वचन घेतलं. मासे पकडू नको असं मी म्हटलं नाही. मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलंही असतं, पण त्या देशात त्याला दुसरं काय आहे? मी म्हटलं, एकादशीला जायचं नाही. त्याने विचारलं, मला कशी कळणार एकादशी, इथे रविवार कळायची मारामार. तेव्हा ठरलं की तो दर रविवारी निघण्याआधी फोन करील. तिथले सहा, आपले साडेदहा. तो विचारणार, "आई, आज काय?" मी सांगणार, तृतीया, किंवा नवमी, किंवा जे असेल ते, आणि वर म्हणणार, "जा, सांभाळून." हा हिवाळाभर तसंच चाललं. रविवारी एकादशी अशी पडलीच नव्हती. कालच त्याचा निरोप आला होता. तीन दिवस झाले, इथे ऊन पडतंय, बर्फावर घोटाभर पाणी उभं राहिलंय, पण खाली घट्ट आहे, काळजी नको. आज तो निघण्याआधी विचारायला थांबला होता आणि त्याला कुणी 'जा' म्हटलं नव्हतं, 'सांभाळून' म्हटलं नव्हतं. किंवा त्याला काही वेगळंच सांगायचं असेल. किंवा तो अडचणीत असेल. सहा वाजता काळोख असतो तिथे.

मी जानकीला फोन दाखवला. मग फ्रिज, मग घड्याळ, मग हाताने गळ टाकल्याची खूण. "अगो, नाटक कसलं करतेस? आज एकादस नाही म्हटलं ना, मग तोंड उघड!" ती म्हणाली. मी देव्हाऱ्याकडे बोट केलं आणि ओंजळीतून पाणी सोडल्याची खूण केली. संकल्प सोडून झाला होता. दिवस चुकला असेल, पण शब्द दिला होता. तो सांजवातीपर्यंत माझ्या हातात नव्हता. जानकीने कपाळावर हात मारला. "तुझो देव पण आज न्हिदलेलो आसतलो, तो उद्या उठतलो! आणि तू त्याच्यासाठी मुकी!" मग माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "सगुणाचा फोन आयलेलो? आणि तू घेतला नाहीस? हात्त मरे वयनी." तिने स्वतःचा फोन काढला. तिच्या बोटांना सुंगटांच्या हुमणाचा, मासळीच्या कालवणाचा वास येत होता, रविवार म्हणून सकाळीच जेवण उरकून आली होती. सव्वा वाजला होता. फोन तिकडे वाजत राहिला. तो वाजण्याचा आवाज आपल्याकडच्यासारखा नसतो, लांबट असतो आणि दोन वाजण्यांमध्ये फार मोठी जागा असते. त्या जागेत मी दर वेळी त्याचा 'हॅलो' ऐकला. कुणी घेतला नाही. "बर्फात कसलो रेंज मिळतलो गो," जानकी म्हणाली. "मासे धरीत आसतलो. तुझा पोर म्हणजे काय लेंकरूं आहे? बत्तीस वर्सांचो घोडो." जाताना तिने मला जवळ घेतलं, हे ती कधी करत नाही, आणि तेवढ्यानेच माझी भीती दुप्पट झाली.

दार लावून मी जनेलाच्या गजांशी बसले. खाली बाजार आवरत होता. पणजीची बस उभी होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी त्या ओरडण्यातून दुसरं काही ऐकू येतं का हे बघत होते. बर्फ तडकतो तेव्हा आवाज होतो, सगुणने सांगितलं होतं. कुणीतरी लांब तार ओढून सोडल्यासारखा. तो आवाज चांगला, तो म्हणाला होता, बर्फ वाढत असला की तसं वाजतं. आवाज न करता जो खचतो तो वाईट. मी विचार करत होते, 'आवाज न करता.' बर्फावर पाणी उभं आहे म्हणजे वरून वितळतोय. खाली घट्ट आहे हे त्याला कुणी सांगितलं? त्याच्या बरोबर एरिक नावाचा एक म्हातारा असतो, तीस वर्षं त्याच तळ्यावर बसणारा. फोनवर मला हात दाखवून काहीतरी म्हणतो, मी नमस्कार करते. एरिकच्या गळ्यात दोरीत अडकवलेले दोन लाकडी मुठीचे टोकदार खिळे असतात. पडलं तर त्यांनी बर्फाला धरून वर यायचं. मी सगुणला विचारलं होतं, तुझे कुठे? "गाडीत आहेत गो. गळ्यात टोचतात." आता त्या दुपारी मला ते गाडीतले खिळे दिसत होते. सीटवर, बंद काचेआड, कोरडे.

खाणी बंद झाल्यावर घरी बसला होता तेव्हाही तो असाच मासे धरायला जायचा. ते मी कुणाला सांगत नाही. खाण बंद पडली की पंप बंद पडतात, आणि खोदून ठेवलेला सगळा खड्डा पावसाने भरतो. वरून हिरवं, गोड, नितळ पाणी, कडा तांबड्या मातीच्या. कुठून येतात देव जाणे, वर्षभरात त्यात मासेही होतात. आमचे हे टिपर चालवत तेव्हा त्याच रस्त्याने दिवसाला दहा खेपा करायचे. पुढे त्या रस्त्यावर गवत आलं, आणि सगुण त्या गवतातून चालत जाऊन खड्ड्याच्या कडेला गळ टाकून बसायचा. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, ऑफिसला गेल्यासारखा. पिशवीत बोटभर लांबीचे चार मासे. तो काही बोलायचा नाही, मी काही विचारायचे नाही, मासे साफ करून तळायचे, आणि आम्ही दोघं त्या मातकट चवीचे मासे काटे काढत खायचो. मला त्या खड्ड्याचं भय नव्हतं. कडा ढासळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला भय होतं ते त्याच्या तिथे बसण्याचं. पाण्याकडे बघत बसलेल्या माणसाला पाणी काय सुचवील याचं. एकदा भर दुपारी छत्री घेऊन मी तिकडे गेले. लांबूनच पाहिलं, तो गळ बाजूला ठेवून, गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी हाक मारली नाही. तशीच परत आले आणि देवापुढे उभी राहून म्हटलं, ह्याला कुठेही काम मिळू दे, मग कितीही लांब असो, मी मासळी सोडते. आमच्याकडच्या बाईने मासळी सोडणं म्हणजे काय हे आमच्याकडच्यालाच कळेल. सहा महिन्यांत तो गेला. तेव्हापासून माझ्या घरात मासा शिजलेला नाही. आणि तिथे जाऊन त्याने पहिला फोटो पाठवला तो काय, तर लाल पोटाचा हातभर मासा दोन्ही हातांत धरून तो हसतोय. "आई, तुझ्यासाठी!" मी किती वेळ तो फोटो बघत होते. मासा नव्हते बघत. तो दात दाखवून हसत होता, ते बघत होते.

त्या दुपारी मला वाटलं, मी देवाशी नीट बोलले नसेन. काम मिळू दे म्हटलं, परत येऊ दे असं म्हटलं नाही. असले हिशेब करायचे नसतात हे मला कळतं. पण मौनात माणूस फार बडबडतो. मग मी माळ घेतली आणि नाम घ्यायला लागले तर नामाच्या जागी बाबा आले. माझे बाबा, हळर्णचे. किल्ल्याखाली शापोरा नदी वळते, तिथे एक खोल कोंड आहे. पौष-माघाच्या हिंवात पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजावेत, आणि नदीतले सगळे मासे त्या कोंडात उतरून जागच्या जागी उभे राहतात. बाबा सकाळी धुकं असतानाच जायचे, मला बरोबर घ्यायचे, कारण मी बडबडत नसे. पाण्यात पाय घालण्याआधी ते खाली वाकून तळहात पाण्यावर सपाट ठेवायचे. बुडवायचे नाहीत, नुसता टेकवायचे. बराच वेळ. मला वाटायचं ते नदीला नमस्कार करतात, काही मागतात, परवानगी घेतात. एके दिवशी त्यांनी तसा हात ठेवला आणि उठून म्हणाले, चल घरी. आत उतरलेच नाहीत. मी आठ-नऊ वर्षांची. सबंध वाटभर मनात घोळवून शेवटी नदीबद्दल विचारलं, "बाबा, न्हंय काय म्हणाली?" ते खो खो हसले. "न्हंय काय म्हणतली गो? पाणी किती गार आसा ता बघी होतंय. आज पाय आखडले आसते." एवढंच. तरी मी त्यावर विश्वास ठेवला नाही. मोठी होऊन एवढे नेम धरले, उपास केले, पण देवाला विचारणं म्हणजे काय असं मनात आलं की मला अजून तो पाण्यावर टेकलेला हात दिसतो.

चार वाजता मी उठून फ्रिजवरचा फोन घेतला. हात लावला म्हणजे अर्धा नेम मोडलाच. सगुणला फोन लावला. तोच लांबट आवाज, तीच मधली जागा. कुणी नाही. मग ती बोलून पाठवायची खूण आहे ना, तोंडाच्या चित्रावर अंगठा दाबून धरायचा, ती दाबली. म्हटलं, संकल्प गेला चुलीत. एक शब्द बोलायचा: सगुणा. तोंड उघडलं. सकाळपासून न वापरलेला घसा, आतून काहीतरी वर आलं आणि ओठांशी थांबलं. मी थांबवलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने थांबवलं असेल, किंवा असंही असेल की हाक मारली आणि ओ आली नाही तर, या भयाने. पंखा फिरत होता. खालून पोदेर पाव घेऊन सायकलवरून पों पों करत गेला. अंगठा घामाने घसरला आणि ती अकरा सेकंदांची शांतता निघून गेली, इतक्या समुद्रांपलीकडे. परत कशी आणायची ते मला येत नाही. मी फोन उपडा करून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, उदबत्त्यांच्या पुड्यांशेजारी ठेवला आणि कप्पा लावून घेतला. आता तो तुझ्याकडे, असं मी मनात म्हटलं. फोनबद्दल म्हटलं की कुणाबद्दल, तेव्हा वेगळं करता आलं नाही.

पुढचे अडीच तास मी काय केलं ते नीट आठवत नाही. तुळशीला पाणी घातलं. पितळेची समई चिंचेने घासली, घासलेलीच होती. चौकीच्या कडेला चार बोटं लावली. साडेसहाला ऊन जनेलातून उतरून भिंतीच्या पायाशी आलं, मी वात लावली, आणि वात नीट पेटण्याआधीच कप्प्यातून थरथर सुरू झाली. मी कप्पा ओढून फोन कानाला लावला. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा घ्यायचा असा माझा नेम आहे. त्या दिवशी देवाचा दुसरा आला. पहिला मी म्हटलं, "खंय आसा तू?" माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"घरात आहे गो," सगुण म्हणाला. "दिवा लागला ना? पाऊण तास घड्याळाकडे बघत बसलोय. तुझं मौन मोडू नये म्हणून."

मी खाली बसले. पाटावर नव्हे, जमिनीवरच. समईची वात मोठी झाली, लहान झाली, सरळ झाली. "घरात? तू गेला नव्हतास?"

"कसा जाणार? सकाळी फोन केला, तू घेतला नाहीस. म्हटलं, आई मौनात म्हणजे आज एकादशी. संपलं. एरिकला सांगितलं, आज माझा देवाचा दिवस, तू जा. तो म्हणाला, तुझा देव फार आळशी आहे. मी फोनचा आवाज बंद केला आणि परत झोपलो." मग तो थांबला. लहानपणी काही फोडून आला की असाच थांबायचा. "आई, ऐक. घाबरू नको. एरिक पडला."

त्याने सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. तळ्याच्या मधे हातभर बर्फ आहे, गाडी जाईल असा. पण तिथे जायला एका ओढ्याच्या तोंडावरून आडवाट आहे. ओढा खालून वाहत असतो म्हणून तिथे बर्फ धरत नाही, आणि वर पडलेला हिमाचा थर गोधडीसारखा ते सगळं झाकून ठेवतो. एरवी तिथे घट्ट असतं. तीन दिवसांच्या उन्हाने खालून पोखरलं. एरिक तीस वर्षं त्याच वाटेने जातो, आजही गेला. पहारीने ठोकून बघितलं नाही. बुडाला तो गळ्यापर्यंत. खिळे होते म्हणून कडेला धरून राहिला, मागून येणाऱ्यांनी दोर टाकला. एकाने येऊन सगुणचं दार बडवलं, तो होता तसा हॉस्पिटलात धावला, फोन घरीच राहिला. एरिक आता ठीक आहे, बोलतोय, नर्सला कॉफी बेचव आहे म्हणून शिव्या देतोय. "बर्फ किती होता तिथे?" मी विचारलं. "चार बोटं पण नव्हता," तो म्हणाला. "आणि आई, तिथून जाताना एरवी पुढे मी असतो. मी हलका ना. पहार घेऊन मी पुढे आणि मागे तो. आणि माझे खिळे..."

"गाडीत," मी म्हटलं.

"गाडीत." तिकडे त्याच्याकडे कसला तरी हीटर घुमत होता, तो मला ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "तू पाठवलेलं ऐकलं मी. घरी आल्यावर. चार वेळा ऐकलं. काहीच नाही त्यात, नुसता पंखा. आणि मग पोदेर. पोदेराचा तो भोंपू ऐकला आणि मला रडू आलं बघ." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "आजची एकादशी म्हणून वाचलो गो."

'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर सगळं किती नीट बसलं असतं. देव, नेम, माझी चौतीस वर्षं, त्याचं वचन. पुढच्या प्रत्येक एकादशीला तो घरात बसला असता. पण घसा आत्ताच मोकळा झाला होता आणि त्यातून पहिल्याच फटक्याला खोटं काढवेना. "आज नव्हती," मी म्हटलं. "आजची स्मार्त. आपली भागवत. उद्या. चष्मा न लावता वाचलं रे. जानकीने दाखवलं."

मग असं काही हसला सगुण की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसता हसता त्याला खोकला लागला. "म्हणजे तू चुकलीस? तू?" "चुकले." "दिवसभर उपाशी, मुकी, आणि एकादशीच नव्हे?" "नव्हे." "मग आता उद्या?" "उद्या परत." "उपास पण?" "उपास पण. उद्याची खरी ना." मीही हसायला लागले होते, किती वर्षांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो म्हणाला, "आई, देवाला सांग, असा घोटाळा वरचेवर होऊ दे." मी म्हटलं, "देवाला काय सांगायचं ते मी बघते. तू खिळे गळ्यात घाल. झोपताना पण घाल. आणि त्या आडवाटेने जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. आणि पहारीने ठोकून बघायचं. तुझे आजोबा गुडघाभर नदीत उतरतानासुद्धा पाण्याला हात लावून बघत." "नमस्कार करत?" "नाही रे. पाणी किती गार ते बघत," मी म्हटलं आणि पहिल्यांदाच मला ते पटलं. मग त्याने विचारलं, काय खाल्लंस, मी विचारलं, तू काय खाल्लंस, आणि बोलणं नेहमीच्या वाटेला लागलं. आजची आपली नव्हतीच, म्हणून त्या रात्रीच मी उपास सोडला, पेज आणि लोणचं. ती पेज मला अजून आठवते.

सोमवारी खरी एकादशी. पूजा केली, संकल्प केला, पाणी सोडण्याआधी कॅलेंडरचा चौकोन चष्मा लावून दोनदा वाचला. सकाळी धुकं होतं, पोदेराला हाताने नको म्हटलं, तो म्हणाला, "माय, कालय मोन, आयजय मोन?" आणि मान हलवत गेला. मी माळ घेऊन पाटावर बसले. मन जागेवर होतं. पाण्याच्या तळाशी थंडीत मासे उभे राहतात म्हणतात तसं, हलत नव्हतं आणि त्याला कसली घाईही नव्हती. साडेदहा वाजले आणि फ्रिजवरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर तो, केसाळ टोपीतला. कामावर निघण्याआधीची त्याची वेळ. आज एकादशी हे त्याला माहीत होतं. मी उचलणार नाही हेही माहीत होतं. तरी तो वाजवत होता, आणि मी माळ हातात धरून, तो कडेकडे सरकताना बघत, एकेक वाजणं ऐकत होते. शेवटपर्यंत वाजला. मग थांबला, कडेपासून चांगला वीतभर अलीकडे.